दोन माणसं, एक घड्याळ

मले गोफण येत नाही. हे पयलेच सांगून टाकतो, काहून की तांड्यावरचा माणूस म्हणलं की लोकाईले वाटते, याच्या कमरेले गोफण असनच. अरे बाप्पा, आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरणारे. बैल हाका म्हणा, बिऱ्हाड उचला म्हणा, ते आमाले जमे. जवारीवरचे पाखरं उडवणं वावरं आल्यावर आमच्या मांगं लागलं, अन् आमच्या घरात ते कोणाले जमलंच नाही. माहा बाप लखीराम कुत्र्याले गोटा मारे, तो कोंबडीले लागे. मी त्याचाच पोरगा.

मले जे येत होतं ते दुसरंच होतं. हवेत फेकलेला गोटा किती उंच जाईल, किती वेळ वर राहील, कुठी पडेल, हे मी कागदावर काढून देत होतो. टेकाडावरून फेका, जमिनीवरून फेका, सरळ फेका, तिरपा फेका. अकरावीच्या वर्गात असं गणित मांडणारा मी एकटाच होतो, अन् हे मी फुशारकीनं नाही सांगून राह्यलो. ज्यानं सांगाले पाहिजे होतं त्यानं सांगतलं नाही, म्हणून मले सांगावं लागते.

साल म्हणाल तर चीनची लढाई झाली ते. शाळेचं नाव घेत नाही. शाळा अजून चालते, अन् भिंतीईचा काही गुन्हा नव्हता. दर्यापूरकर सर आमाले पदार्थविज्ञान शिकवत. पुस्तक इंग्रजी, पण सर पयले मराठीत सांगत. मंग फळ्यावर एक वाकडी रेघ काढत, बैलाच्या वशिंडासारखी, अन् म्हणत, गोटा या वाटेनं जाते. आता सांगा, काहून?

या सराईशी माहं नातं कसं जुळलं, ते आधी ऐका. मी दहावीत असताना कापूस वेचाईच्या दिवसात बापानं मले घरी बसवलं. चार-दोन दिवस गेले, अन् सर सायकल हाणत थेट तांड्यावर. आमच्या तांड्यावर तवापर्यंत मास्तर कधी आला नव्हता. आला तर जमादार, नाही तर पाटलाचा माणूस. सर खाली बसले, आमच्या याडीच्या हातची जवारीची भाकर अन् मिरचीचा ठेचा खाल्ला, डोळ्यातून पाणी काढलं, अजून एक भाकर मांगतली. याडी म्हणजे आमच्या बोलीत माय. बापाले म्हणे, हा मुलगा मला द्या. बाप हसला, पण मले दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवलं.

माह्या याडीले, रुक्माबाईले, सख्खा भाऊ नव्हता. पुढच्या राखीले सर आले तवा तिनं साऱ्या तांड्यासमोर त्याईच्या हाताले दोरा बांधला अन् त्याईले धरमभाऊ केलं. आता तुम्ही शहरातले लोक म्हणाल, दोराच तो. आमच्यात तसं नाही. धरमभाऊ झाला की तो रक्ताच्या भावाहून वरचा. बहिणीच्या लेकराचं भलं-बुरं त्याच्या अंगावर. त्या दिवसापासून साऱ्या तांड्यानं सराईले मामा म्हणायले सुरुवात केली, म्हातारे लोकबी. सर हसत, बरं वाटे त्याईले. आमी मात्र ते खरंच धरलं. चूक झाली ती तिथंच.

अकरावीत ते फेकलेल्या गोट्याचे गणितं आले. वर्गातले पोट्टे सूत्रं घोकत. यू साइन थीटा, यू कॉस थीटा, दोन यू साइन थीटा भागिले बत्तीस. घोकलेलं गणित आलं तर बरोबर. टेकाडावरून फेकलेला गोटा आला की सारे गार. मले घोकणं जमे ना. आमची घरची बोली एक, शाळेतली मराठी दुसरी, पुस्तकाची इंग्रजी तिसरी. कोणत्या भाषेत घोकू? म्हणून मी डोकशात एक गोष्ट तयार केली. गोट्यामंधी दोन माणसं आहेत. एक घाटंजीच्या बाजाराले चाललेला. तो आपल्या एका चालीनं चालते, थांबत नाही, घाई करत नाही, वर तर पाहतच नाही. दुसरा झाडावर चढणारा. तो जोरात निघते, पण दर सेकंदाले त्याची बत्तीस फुटाची चाल कमी होते, शेंड्यावर दम संपते, मंग तसाच खाली येते. या दोघाईची बोलचाल नाही. दोघात घड्याळ मात्र एकच. झाडावरच्याचे पाय जमिनीले लागले की बाजारवाल्यानं आहे तिथं थांबायचं. झालं. सारं गणित एवढंच.

मी हे वर्गात सांगतलं तवा सर बाकावर बसले. पुन्हा सांग म्हणे. मी पुन्हा सांगतलं. वर्ग सुटल्यावर मले म्हणाले, नेमसिंग, मला कॉलेजात कोणी हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मी घरी कसा आलो मले माहीत नाही. पाच मैलाची वाट होती, कळलीच नाही.

त्याच हिवाळ्यात बातमी आली. नागपूरची एक संस्था होती, ती खेड्यातल्या शाळाईतून एकेक पोरगा निवडे. कॉलेज, होस्टेल, जेवण, पुस्तकं, सारं संस्थेचं. पाहुणे येणार, पोराले उभं करून पाहणार, अन् पसंत पडला की अकरावीच्या, म्हणजे तवाच्या मॅट्रिकच्या, परीक्षेनंतर त्याले नागपूरले घेऊन जाणार. एका शाळेतून एकच. मले ती जागा भेटली तर मी कॉलेजात जाणार, नाही तर अकरावी झाली की वावर. तिसरी वाट नव्हती, अन् हे घरात साऱ्याईले माहीत होतं. सर तांड्यावर आले तवा जेवता जेवता याडीले म्हणाले, ताई, या वर्षी आपला नेमसिंग. याडीनं त्या रातच्याले भाजीत तेल जास्त टाकलं, एवढं मले आठवते.

मंग सर मले म्हणे, मनोहरला थोडं शिकव. मनोहर म्हणजे शाळेचे अध्यक्ष भाऊसाहेब, त्याईच्या बहिणीचा पोरगा. माणूस वाईट नव्हता तो. गोरा, घाबरट, हसला की चांगला दिसे. सर म्हणे, दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं. मले पटलं. शाळा सुटली की मी भाऊसाहेबाच्या घरी जाऊन ओसरीवर बसो अन् मनोहरले दोन माणसाईची गोष्ट सांगो. एक गोष्ट त्याच्या डोकशात जाता जात नव्हती. शेंड्यावर झाडवाला थांबते, हे त्याले समजे. पण बाजारवाला तवाबी चालूनच राह्यला आहे, हे तो दरवेळी विसरे. शेंड्यावर गोट्याचा वेग किती, म्हणलं की शून्य. मी म्हणो, अरे बावा, बाजारवाल्यानं तुहं काय बिघडवलं? तो हसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य.

पाहुणे यायच्या आधल्या दिवशी सराईनं मले बोलावलं अन् म्हणाले, उद्या गोफण घेऊन ये. मी म्हणलं, सर, मले गोफण येत नाही. म्हणे, असं कसं, तुमच्या रक्तातच आहे ते. मी लदेणीचं, म्हणजे बैलावर माल लादून फिराचं, मिठाचं, सारं सांगतलं. सर ऐकून हसले. म्हणे, अरे, एक दगड फिरवून दाखव, पाहुण्यांचं लक्ष वेधलं जाईल. मग मी तुला फळ्यावर बोलावतो. दगड कुठं पडला, का पडला, तू सांगायचं. मले वाटलं, वा, सराईचं डोकं. आधी गोटा, मंग गणित.

चुलतभाऊ रूपसिंगची गोफण मांगून आणली. त्यानं शिकवाले पाह्यलं. पयला गोटा माह्याच पाठीत बसला. दुसरा कुठी गेला, रूपसिंगलेबी दिसला नाही. गोफणीत सारा खेळ दोरी सोडाच्या घडीचा असते. ती घडी कोणती, हे मी कागदावर बरोबर काढलं होतं. पण हाताले कागद वाचता येत नाही, भाऊ. रूपसिंग पोट धरून हसला, मीबी हसलो. मले चिंता नव्हती. गोटा कुठीबी पडो, माहं काम फळ्यावर होतं.

पाहुणे आले. शाळेच्या मैदानात निंबाखाली खुर्च्या टाकल्या होत्या. त्याईच्यात एक म्हातारे प्रोफेसर होते, पांढरी टोपी, जाड चष्मा, माणूस मायाळू दिसे. समोर बल्लीवर एक मडकं टांगलं होतं. सराईनं मले हाताले धरून पुढं आणलं. मी धुतलेला सदरा घातला होता, खिशात खडूचा तुकडा ठेवला होता, उगाच. सर पाहुण्याईकडे तोंड करून बोलले.

"हा तांड्यावरचा मुलगा, साहेब. सूत्रं याला येत नाहीत. पण हात पाहा याचा."

मले वाटलं माह्या कानाची काही गडबड झाली. मी सराईकडे पाह्यलं. सर मडक्याकडे पाहून राह्यले होते. म्हणे, चल, फिरव. आता मी काय करो? मनात म्हणलं, ही सराईची काही युक्ती असन. आधी येत नाही म्हणायचं, मंग एकदम फळ्यावर बोलवायचं, म्हणजे पाहुण्याईचे डोळे फाटतीन. माणूस आपल्या माणसासाठी किती बहाणे शोधते पाहा. मी गोफण फिरवली अन् सोडली. गोटा शाळेच्या टिनावर जाऊन आदळला. आवाज इतका झाला की आतले पोट्टे बाहेर आले. सारे हसले. प्रोफेसर म्हणाले, जोर आहे हो, अशा पोरांनी पलटणीत जावं, देशाला गरज आहे. अन् सर म्हणाले, हो ना साहेब, हाच तर मुद्दा. हा दगड तिकडं का गेला, ते आता आमचा मनोहर सांगेल.

सारे वर्गात गेले. मी त्याईच्या मांगं गेलो अन् दाराशी उभा राह्यलो, हातात गोफण. फळ्यावर मनोहर. त्यानं वाकडी रेघ काढली, अन् म्हणायले लागला, समजा, या दगडात दोन माणसं आहेत. एक घाटंजीच्या बाजाराला निघाला आहे. घाटंजीसुद्धा बदललं नाही त्यानं. भाऊसाहेबाच्या भाच्याले कायले घाटंजीच्या बाजाराले पायी जाची पाळी येईल? पण बोलत होता तो, एकेक शब्द माहा. घड्याळबी माहं. सर खिडकीपाशी उभे राहून मान हलवून राह्यले होते, अन् मले दिसलं, ते ओठातल्या ओठात त्याच्यासंगं बोलून राह्यले होते. याईनंच बसवून घेतलं होतं त्याच्याकडून. सकाळी नाही, कालच्या दिवशी नाही. मले ओसरीवर पाठवलं त्या दिवसापासून.

प्रोफेसर खूश झाले. म्हणे, छान, फारच छान कल्पना आहे. आता एक सांग. दगड वर जाताना सेकंदाला शहाण्णव फुटांनी निघाला, आडवा चाळीस फुटांनी. सर्वांत उंच जागी त्याचा वेग किती?

मनोहर म्हणाला, "शून्य."

प्रोफेसरानं चष्मा वर केला. म्हणे, शून्य? विचार करून सांग. मनोहरचं तोंड पांढरं पडलं. त्यानं सराईकडे पाह्यलं, सराईनं फळ्याकडे पाह्यलं. अन् माह्या तोंडून निघून गेलं. मी ठरवून नाही बोललो.

"चाळीस. झाडवाला थांबते, बाजारवाला नाही थांबत."

प्रोफेसर वळले. दाराकडे पाह्यलं, माह्याकडे, माह्या हातातल्या गोफणीकडे. म्हणाले, तू सांगितलंस? इकडं ये. मी पाय उचललाबी होता. खिशातल्या खडूले हात लागला होता. अन् सर मधात आले.

"मनोहरच्या अभ्यासाला हा ओसरीवर बसतो, साहेब. ऐकून ऐकून पाठ झालंय त्याचं."

प्रोफेसर हसले. म्हणाले, कान चांगला आहे हो पोराचा. अन् मनोहरकडे वळून समजावून सांगाले लागले, घाबरू नकोस, कल्पना तुझीच आहे, तूच विसरलास.

तुम्ही म्हणाल, तू काहून नाही ओरडला? अरे, कोणाच्या नावानं ओरडू? मले येते हे जगात ज्या एका माणसाले माहीत होतं, तोच उभा राहून म्हणते, याले येत नाही. साक्ष कोणाची काढू? मी तिथंच उभा राह्यलो, पाहुणे चहा पिऊन जायपर्यंत. जागा मनोहरले भेटली, हे त्याच दिवशी सांगून गेले.

पाण्याच्या टाकीमांगं सराईनं मले गाठलं. दंड धरला. म्हणाले, भाऊसाहेबांच्या हातात माझी नोकरी कायम होणं आहे. घरी तीन मुली आहेत. तू समजून घे. मंग ते म्हणाले, तू हुशार आहेस रे, तुझं कुठंही होईल. त्याचं मले सर्वात जास्त लागलं. कुठंही म्हणजे कुठी? सांगा ना मले. एक दार होतं, ते याच माणसानं लावलं, अन् म्हणते कुठंही. पुढं मी एस.टी.त कंडक्टर झालो, तिकिटाले भोकं पाडत राळेगाव-मारेगाव केलं, पण ते नंतरचं.

घरी मी याडीले एवढंच म्हणलं, नाही झालं. मामाचं नाव नाही काढलं. तिले एकच भाऊ होता, अन् तो तिनं स्वतः निवडला होता. कसा सांगू? शाळेत जाणं मात्र सोडलं. बापासंगं वावरात जाऊन कापसाच्या वाळल्या पराट्या उपटाले लागलो.

अन् सर आले. रविवार होता. पयल्यासारखेच, सायकल हाणत. याडी आनंदली, हात-पाय धुवाले पाणी दिलं, ताट वाढलं. मी दाराजवळ बसलो. सर जेवता जेवता तिले म्हणे, ताई, मी फार प्रयत्न केला. पण पाहुण्यांच्या मनात बसलं नाही. याचं गणित थोडं कच्चं पडलं. याला शाळेत पाठवा, परीक्षा तरी देऊ द्या. माही भोळी याडी त्याले समजावून राह्यली, तुम्ही कायले जिवाले लावून घेता भाऊ, तुम्ही होते म्हणून याले कोणी पुसलं तरी. सराईनं मान खाली घालून घास घेतला.

मंग मले राहवलं नाही. मी बोललो, आमच्या बोलीत. सराईले आमची बोली समजत नव्हती. वर्षभर येऊन चार शब्दाच्या वर शिकले नव्हते ते. मी सारं सांगतलं. गोफण, मडकं, टिन, मनोहर, दोन माणसं, चाळीस, ओसरी. आवाज नाही चढवला. सर जेवत राह्यले, मधात एकदा माह्याकडे पाहून हसलेबी. त्याईले वाटलं मी माफी मांगून राह्यलो. याडी चुलीपुढं भाकर थापत होती, तिचे हात थांबले नाहीत. तिनं एकच पुसलं, साऱ्याईसमोर असं म्हणला? मी म्हणलं, हो, दोनदा.

तिनं भाकर भाजली. गरम भाकर सराईच्या ताटात वाढली, वरून तूप टाकलं. ते पुरं खाऊन होऊ दिलं. मंग मराठीत बोलली.

"पोट भरलं, भाऊ?"

"भरलं, ताई."

"मंग आता येऊ नोका. लेकरू माहं आहे, मी पाह्यीन."

सर माह्याकडे पाहत राह्यले. त्याईले समजलं. काही तरी बोलाले त्याईनं तोंड उघडलं, पण याडी ताट उचलून मांगच्या दारानं गेलती. मी हातावर पाणी टाकलं. ते सायकल घेऊन पायीच गेले, नाल्यापर्यंत तरी बसलेले नाही दिसले.

याडी आत आली अन् मले म्हणे, सकाळी शाळेत जाशील. मी म्हणलं, मी नाही जात. ती म्हणे, तिथं दुसरा मास्तर आहे का हे शिकवणारा? नव्हता. साऱ्या शाळेत तो विषय एकट्या सराईकडे होता, अन् परीक्षा तोंडावर आलती.

गेलो मी. पयल्या बाकावर बसलो. सर आले, फळ्यावर गणित लिहिलं, टेकाडावरून फेकलेला गोटा, अन् वर्गाकडे वळून पुसलं, कोण सांगेल? कोणीच हात वर करे ना. सर माह्याकडे पाहून थांबले. उत्तर मले माहीत होतं. मी कोऱ्या पाटीसारखं तोंड करून बसलो, अन् त्याईनं फळ्यावर सोडवलं तवा सारं खाली मान घालून उतरवून घेतलं.